सावद्याची डिझेल गाडी, डीपीएफचा दिवा आणि ॲपची निवड : एक प्रकरण

गाडी २०२१ सालची, १.५ लिटर डिझेल, भारत स्टेज ६, सहा गिअरची मॅन्युअल. ओडोमीटरवर ५८ हजार किलोमीटर. मालक सावद्याचे केळीचे व्यापारी. गाडीच्या कंपनीचं नाव इथे मुद्दाम घातलेलं नाही. इथली पद्धत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेल्या कुठल्याही डिझेल गाडीला लागू पडते, आणि नाव वाचलं की वाचणाऱ्याचं लक्ष पद्धतीवरून कंपनीवर जातं.

या गाडीचं दुखणं तिच्या दिनक्रमात आहे, म्हणून आधी तो. सकाळी सावद्याहून चिनावल, तिथून निंभोऱ्याच्या बाजूला एखादी बाग बघायची, दुपारी फैजपूर, संध्याकाळी परत. एका वेळचा पल्ला चार-सहा किलोमीटरचा. बागेच्या बांधावर घड कापून क्रेटमध्ये भरेपर्यंत अर्धा-पाऊण तास गाडी उभी, आणि मे महिन्यात बाहेर ४४-४५ अंश असल्यामुळे एसीसाठी इंजिन चालूच. दिवसाचे किलोमीटर पस्तीस-चाळीस, इंजिन चालू मात्र चार तास. डिझेल फिल्टरला याहून वाईट दिनक्रम शोधून सापडायचा नाही.

डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या मार्गात बसवलेली सिरॅमिकची जाळी. इंजिनातून येणारी काजळी ती अडवते. काजळी साचली की इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, जादा डिझेल फवारून धूर तापवतो आणि जाळीतली काजळी साधारण ६०० अंशांवर जाळून टाकतो. याला गॅरेजवाले ‘रीजन’ म्हणतात. एका रीजनला दहा ते वीस मिनिटं सलग चालती गाडी लागते. मध्येच इंजिन बंद केलं की रीजन अर्धवट राहतं. जळायचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि काजळी होती तिथेच राहते.

दोनदा पुसलेला कोड

पहिल्यांदा इंजिनाचा पिवळा दिवा लागला तेव्हा गावातल्या गॅरेजने स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसून दिला. आठवड्यात दिवा परत आला. मग मालकांच्या मुलाने चार-पाचशे रुपयांचा निळा डोंगल, म्हणजे गाडीच्या सॉकेटमध्ये लावून फोनला आकडे पाठवणारं यंत्र, मागवला, फोनवर फुकटचं एक कोड-रीडर ॲप टाकलं आणि स्वतःच पुसला. तिसऱ्या वेळी इंजिनाच्या दिव्याशेजारी डीपीएफचाही दिवा लागला, आणि मोठ्या वर्कशॉपमध्ये गेल्यावर उत्तर मिळालं, “दादा, फिल्टर गेला. नवा टाकावा लागेल, सव्वा लाख धरून चाला.” आणखी एकाने सुचवलं की फिल्टरच काढून टाकू आणि ईसीयूचा मॅप, म्हणजे आतला प्रोग्राम, बदलू.

शेवटची सूचना आधीच बाजूला ठेवली. उत्पादकाने दिलेल्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. शिवाय ज्या गावात गाडी दिवसभर उभी राहून धूर सोडणार, तो धूर त्याच गावातली माणसं नाकात घेणार. हा मार्ग कुणालाही सुचवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोड होता पी२४६३. त्याचा अर्थ एवढाच, की फिल्टरमध्ये काजळी मर्यादेपेक्षा जास्त साचली आहे. फिल्टर बाद झाल्याचं हा कोड सांगत नाही. काजळी का साचली हे तर मुळीच नाही. ते कळायला कोडबरोबर नोंदलेली फ्रीझ फ्रेम लागते. कोड लागला त्या क्षणी वेग किती होता, इंजिनावर भार किती होता, पाणी किती तापलं होतं, याचा तो गोठवलेला नमुना. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. दोन वेळा पुसल्यामुळे दोन वेळचे पुरावे गेले होते. तिसरी फ्रेम वाचवणं हे पहिलं काम ठरलं, आणि मुलाच्या फोनवरचं ते ॲप त्याच कारणाने पहिल्या फेरीत बाद झालं. त्यात कोड दिसत होता, खाली मोठं लाल ‘पुसा’ बटण होतं, पण फ्रीझ फ्रेम बघायची सोयच नव्हती.

प्रश्न आधी, ॲप नंतर

बहुतेक लोक ॲप स्टोअरमधले तारे आणि स्क्रीनवरचे गोल काटे बघून ॲप घेतात. इथे आधी प्रश्न कागदावर लिहिला : फिल्टर खरंच संपला आहे, की जळायला वेळ न मिळाल्याने भरला आहे? त्याचं उत्तर द्यायला पाच आकडे लागतात. काजळीची टक्केवारी. फिल्टरच्या आधी आणि नंतरच्या दाबातला फरक. फिल्टरच्या तोंडाशी धुराचं तापमान. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान. आणि शेवटचं पूर्ण रीजन होऊन गाडी किती किलोमीटर चालली. हे पाचही आकडे या गाडीतून, या फोनवर जे ॲप दाखवेल ते चालेल.

ओबीडी म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड आणि आकडे सांगण्याची पद्धत. तिच्या प्रमाणित भाषेत कोणतंही ॲप कुठल्याही गाडीला विचारू शकेल असे प्रश्न ठरलेले आहेत. मोड १ मध्ये चालू आकडे, मोड २ मध्ये फ्रीझ फ्रेम, मोड ३ मध्ये पक्के कोड, मोड ७ मध्ये अजून दिवा न लावलेले कच्चे कोड, मोड ९ मध्ये गाडीचा व्हीआयएन, म्हणजे ओळख क्रमांक. मोड ४ म्हणजे पुसणं. मोड १ मधल्या प्रत्येक आकड्याला ठरलेला क्रमांक असतो, तो पीआयडी. त्यात डीपीएफसाठीही जागा आहेत : दाबातल्या फरकासाठी पीआयडी ७ए, फिल्टरच्या तापमानासाठी ७सी, धुराच्या तापमानासाठी ७८. पण प्रमाणित भाषेत जागा आहे म्हणून गाडी उत्तर देईलच असं नसतं. या गाडीने ७८ ला उत्तर दिलं, ७ए आणि ७सी ला नाही. काजळीची टक्केवारी आणि रीजननंतरचे किलोमीटर बहुतेक कंपन्या स्वतःच्या भाषेत, मोड २२ मध्ये ठेवतात. त्या भाषेची किल्ली ज्या ॲपकडे नाही ते कितीही देखणं असलं तरी या कामाला निरुपयोगी. निवडीचा अर्धा भाग इथेच संपला.

चार उमेदवार

टॉर्क प्रो. जुनं, फक्त अँड्रॉइडवर. ताकद अशी की कुठलाही पीआयडी स्वतः लिहून घालता येतो : विचारायचा आदेश, उत्तरातले बाइट, सूत्र, एकक. कमजोरीही तीच. सूत्र ज्याचं त्याने शोधायचं.

कार स्कॅनर ईएलएम ओबीडी२. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर. गाडीच्या कंपनीप्रमाणे कनेक्शन प्रोफाइल निवडता येतं आणि प्रोफाइल निवडलं की मोड २२ चे आकडे आपोआप यादीत येतात. स्वतःचा पीआयडीही घालता येतो.

ओबीडी फ्यूजन. नोंदी ठेवण्यात आणि आलेख काढण्यात नेटकं. पण कंपन्यांचे खास आकडे वेगळ्या पॅकमध्ये विकत घ्यावे लागतात आणि ते पॅक मुख्यतः अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. आपल्याकडच्या १.५ डिझेलला त्याचा उपयोग झाला नाही.

चौथा प्रकार स्वतःच्याच डोंगलशी बांधलेल्या ॲपचा, जसं ब्लूड्रायव्हर. डोंगल त्यांचाच घ्यावा लागतो, आणि पुढे ॲप बदलायचं म्हटलं तर तो वाया. आपल्या गाडीचे खास आकडे त्यात आहेत याची खात्री होईपर्यंत यात पैसे घालू नयेत.

जाता जाता : फोर्डची गाडी असेल तर हा सगळा खटाटोप लागत नाही, फोरस्कॅन लाइट घ्यावं. फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं ठरवलं, पण जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर त्यांच्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि त्या मालकांना हे ॲप सोन्यासारखं आहे. फोक्सवॅगन-स्कोडासाठी ओबीडीइलेव्हन आहे, तेही स्वतःच्या डोंगलसह. आपल्या देशी कंपन्यांच्या गाड्यांची प्रोफाइलं परदेशी ॲपांत बहुधा नसतात किंवा अर्धवट असतात. तिथे टॉर्कसारख्या, स्वतः पीआयडी घालू देणाऱ्या ॲपवरच यावं लागतं.

या गाडीसाठी कार स्कॅनर निवडलं. कारण एकच : कंपनीच्या यादीत याच वर्षाचं, याच इंजिनाचं प्रोफाइल होतं. शिवाय घरात मालकांचा फोन अँड्रॉइड आणि मुलाचा आयफोन, म्हणून दोन्हींवर चालणारं असलेलं बरं. आधी फुकटच्या आवृत्तीवर पाचही आकडे येतात का एवढंच बघायचं ठरलं. पैसे भरायची गरज नोंद ठेवताना पडणार होती.

ॲपला दोष, चूक डोंगलची

इथे हे प्रकरण अडलं, आणि बहुतेक लोक इथेच ॲप बदलत बसतात.

प्रोफाइल निवडलं, गाडी जोडली गेली, आरपीएम आणि कूलंट दिसले, व्हीआयएनसुद्धा बरोबर आला. पण काजळीच्या चौकटीत नुसती रेघ. मधूनच एखादा आकडा यायचा, परत रेघ. ॲप खोटं आहे, असा निष्कर्ष मुलाने काढलाच होता.

निळ्या डोंगलवर ‘व्ही २.१’ छापलेलं होतं. मूळ ईएलएम३२७ ही चिप कॅनडाच्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सची. बाजारात चार-पाचशेला मिळणारे बहुतेक डोंगल तिची नक्कल आहेत, आणि आवृत्ती म्हणून त्यावर काय छापलं आहे त्याला अर्थ नाही. गाडीतले संगणक ज्यावरून बोलतात तो कॅन मार्ग एका वेळी फक्त ८ बाइट नेतो. उत्तर मोठं असेल तर त्याचे तुकडे होतात. व्हीआयएनचं उत्तर २० बाइटचं, म्हणजे ३ तुकडे. एवढं नकली चिपही झेपवते. पण या गाडीचा ईसीयू डीपीएफचे सगळे आकडे एकाच उत्तरात पाठवतो, ६२ बाइट, म्हणजे ९ तुकडे. डोंगलमधली साठवण छोटी असल्याने मधले तुकडे गळत होते आणि अपुरं उत्तर ॲप टाकून देत होतं. ॲपच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या भागात, तोच आदेश हाताने दिल्यावर पडद्यावर चार ओळी आल्या आणि पुढे ‘बफर फुल’.

म्हणून डोंगल पारखायची साधी रीत अशी. टर्मिनलमध्ये आधी ‘एटीझेड’, म्हणजे डोंगल नव्याने सुरू होतो. मग ‘एटीएसपी६’, म्हणजे ११ बिट, ५०० किलोबिटचा कॅन. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्या हाच वापरतात. मग ‘०१००’. याचं उत्तर ‘४१ ००’ ने सुरू व्हायला हवं. मग ‘०९०२’, म्हणजे व्हीआयएन. हे चारही पास झाले तरी थांबू नये. मोड २२ चा मोठ्यात मोठा आदेश दहा वेळा द्यावा आणि दहाही वेळा उत्तर पूर्ण येतं का ते मोजावं. निळ्या डोंगलने दहात तीन वेळा पूर्ण दिलं. नंतर मागवलेल्या व्हीलिंकर नावाच्या डोंगलने दहाच्या दहा. किंमत पाचपट, पण हे पैसे वाचवण्याची जागा ही नव्हे. याहून महाग ओबीडीलिंकही या कामाला उत्तमच, पण या घराला त्याची गरज नव्हती.

आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवावं. साधा जुना ब्लूटूथ डोंगल आयफोनशी बोलत नाही. ब्लूटूथ एलई किंवा वायफाय लागतो. वायफायचा घेतला तर गाडीत बसल्यावर फोनचं इंटरनेट बहुधा अडतं, म्हणून एलई बरा. डोंगलची जोडणीही फोनच्या ब्लूटूथ यादीतून न करता ॲपच्या आतून करावी.

आकड्यांवर विश्वास कधी ठेवायचा

आकडा दिसला म्हणजे तो खरा असं नव्हे. दुसऱ्या देशातल्या त्याच नावाच्या इंजिनाचं सूत्र लावलं तर छान दिसणारा पण खोटा आकडा येतो. काजळी ६५५.३५ टक्के दिसली तर समजावं की ईसीयूने दोन्ही बाइट २५५ पाठवले आहेत. ‘माहिती उपलब्ध नाही’ अशी ती खूण, सूत्राने १०० ने भागून टक्केवारी करून दाखवली. तापमान उणे ४० दिसलं तर बाइट शून्य आला आहे. खान्देशात उणे ४० कुणी पाहिलेलं नाही, म्हणून हे चटकन ओळखू येतं. सत्तर-ऐंशीच्या आसपास अडकून बसलेला आकडा मात्र फसवतो, कारण तो खरा वाटतो.

म्हणून पारख सकाळी, रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीवर केली. इंजिन न लावता फक्त चावी चालू. बाहेर ३० अंश. कूलंट ३१, आत येणाऱ्या हवेचं तापमान ३२, फिल्टरच्या तोंडाशी ३२. रात्रभर थंड झालेल्या गाडीत हे सगळे सेन्सर दोन-तीन अंशांच्या आत एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. वातावरणाचा दाब ९८ किलोपास्कल, तापीकाठच्या या उंचीला साजेसा. दाबातला फरक ०.०. हा शून्य फार महत्त्वाचा. इंजिन बंद असताना दाबात फरक असूच शकत नाही. तिथे ०.८ किंवा १.५ दिसलं तर एक तर सूत्र चुकीचं, नाही तर सेन्सर किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या रबरी नळ्या बिघडलेल्या. या नळ्या एक्झॉस्टच्या शेजारून जातात, उन्हाळ्यात कडक होऊन चिरतात, आणि चिरलेल्या नळीमुळे चांगला फिल्टरही भरलेला दिसू शकतो किंवा भरलेला रिकामा. या गाडीच्या दोन्ही नळ्या हाताने दाबून बघितल्या, मऊ होत्या. पुढच्या नळीवर क्लिप थोडी सरकलेली होती, ती जागेवर बसवली.

मग इंजिन लावलं. गरम झाल्यावर मंद फिरणीला दाबातला फरक ०.९, गिअर न घालता ३००० आरपीएमला ८.६. काजळी ८१ टक्के. शेवटचं पूर्ण रीजन ६४० किलोमीटरपूर्वी.

आणि तिसरी फ्रीझ फ्रेम : वेग शून्य, इंजिनावर भार २३ टक्के, कूलंट ८४, इंजिन चालू होऊन ३८ मिनिटं. म्हणजे बागेच्या बांधावर उभ्या गाडीत, एसी चालू असताना कोड लागला होता. कूलंट ८४ म्हणजे थर्मोस्टॅट शाबूत. पाणी सत्तरच्या वर चढतच नसतं तर ईसीयूने रीजन सुरूच केलं नसतं आणि शोध वेगळ्या दिशेला गेला असता. हे सगळं एका जुन्या, कुणी न पुसलेल्या नोंदीतून मिळालं.

हायवेवरची तपासणी

फिल्टर मेला आहे की उपाशी आहे, हे ठरवायला त्याला एकदा नीट जळू द्यायचं आणि आकडे बघायचे. सावद्याहून तापी ओलांडून भुसावळ, आणि भुसावळ-जळगाव चौपदरी रस्ता. तो पंचवीसेक किलोमीटरचा पट्टा रीजनच्या वेळेला बरोबर पुरतो. निघण्याआधी टाकीत निम्म्यापेक्षा जास्त डिझेल आहे हे पाहिलं, कारण टाकी रिझर्व्हवर असेल तर बऱ्याच गाड्या रीजन करत नाहीत. ऑइलची पातळीही पाहिली, त्याबद्दल पुढे.

नोंदीत फक्त सहा आकडे ठेवले : काजळी, दाबातला फरक, धुराचं तापमान, कूलंट, आरपीएम, वेग. वीस आकडे ठेवले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि आलेखात खड्डे पडतात. दर सेकंदाला नोंद, फाइल सीएसव्ही, म्हणजे साधा तक्ता. फोन एसीच्या झोताजवळच्या स्टँडमध्ये, कारण डॅशबोर्डवर मेच्या उन्हात फोन तापून बंद पडतो आणि नोंद मध्येच तुटते. फोन शेजारी बसलेल्या मुलाने सांभाळला. चालवणाऱ्याने पडद्याकडे बघायचं नाही, हे आधीच ठरलेलं.

भुसावळ सोडल्यावर सहावा गिअर न घालता चौथ्यात २२०० ते २५०० आरपीएम, वेग सत्तर-पंचाहत्तर. सहाव्या गिअरमध्ये इंजिन हळू फिरतं आणि धूर तापत नाही, म्हणून हे. पहिली चार मिनिटं धूर २६० अंशांवर. पाचव्या मिनिटाला तापमान चढायला लागलं : ३४०, ४८०, ५७०, आणि मग ५९० ते ६१० मध्ये स्थिरावलं. काजळीचा आकडा ८१ वरून मिनिटाला पाच-सहा टक्के खाली यायला लागला. नशिराबादच्या टोलनाक्यावर मिनिटभर थांबावं लागलं. तापमान ५४० पर्यंत उतरलं, इंजिनाची मंद फिरणी नेहमीच्या ८०० वरून १००० वर गेली, रेडिएटरचा पंखा मोठ्याने लागला. रीजन चालू असल्याची ही बाहेरून ओळखता येणारी लक्षणं. ॲप नसेल त्यानेही ती ओळखून ठेवावीत, म्हणजे तेवढ्यात चावी फिरवली जाणार नाही. नाक्यानंतर तापमान परत वर गेलं.

रीजन सुरू झाल्यापासून सतराव्या मिनिटाला, जळगावच्या अलीकडे, काजळी १४ टक्के. मोकळ्या जागी थांबून ३००० आरपीएमला दाबातला फरक परत मोजला : २.७. आधी ८.६ होता. रीजननंतरचे किलोमीटर शून्यावर आले. डीपीएफचा दिवा गेला. कोड मुद्दाम हाताने पुसला नाही. ईसीयूने स्वतः काही फेऱ्यांनंतर इंजिनाचा दिवा विझवला आणि कोड जुन्या नोंदीत टाकला. पुरावा त्याच्याच हातून मिळालेला चांगला.

आकडे वेगळे आले असते तर निकालही वेगळा लागला असता. धूर ६०० पर्यंत गेला, काजळीचा आकडा उतरला, पण दाब ८ वरच राहिला, तर आत काजळी नाही, राख साचली आहे असं समजायचं. राख ऑइलमधल्या रसायनांची असते, ती जळत नाही, फिल्टर उतरवून धुवावा लागतो. धूर ३०० च्या वर गेलाच नसता तर फिल्टरकडे न बघता इंजेक्टर, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत नेणारी झडप) आणि टर्बोच्या नळ्यांकडे वळायचं. आणि दाब इंजिन फिरवूनही शून्यच राहिला असता, तर नळी निघालेली किंवा फिल्टर आतून फुटलेला, किंवा आधीच्या कुणी तरी तो पोकळ केलेला. जुनी डिझेल गाडी विकत घेताना ही शेवटची तपासणी जरूर करावी.

सव्वा लाखाचा खर्च टळला. पण एक खर्च करावाच लागला. डिपस्टिकवर ऑइल कमाल खुणेच्या सेंटिमीटरभर वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रीजनमधलं डिझेल तिथे उतरलं होतं. पातळ झालेलं ऑइल टर्बोचं बेअरिंग खातं, आणि पातळी फारच वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल जाळायला लागून हाताबाहेर जाऊ शकतं. ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलले. ऑइल पुस्तिकेत सांगितलेलं कमी राखेचं, सी३ वर्गातलं. दुकानदार ‘डिझेलचंच आहे ना’ म्हणून ट्रॅक्टरसाठीचं देतो, ते या गाडीत घालू नये. त्याची राख फिल्टरमध्ये कायमची बसते.

आता ॲप कशासाठी

मुलाने ॲपची पैसे भरलेली आवृत्ती घेतली, कारण नोंद आणि इशारा दोन्ही त्यात आहेत. काजळी ६० टक्क्यांच्या वर गेली की फोन वाजेल असं लावलं. गाडी स्वतः दिवा लावते तोपर्यंत ८० ओलांडलेले असतात, आणि त्याहून वर गेल्यावर ईसीयू रस्त्यावर रीजन करायला नकार देऊन वर्कशॉपमध्येच करायला लावतो. ६० ला इशारा मिळाला की भुसावळ-जळगाव फेरी कधी करायची हे व्यापाराच्या सोयीने ठरवता येतं. जळगावला बाजार समितीत किंवा बँकेत जायचंच असतं, ते काम त्या दिवशी करायचं.

उभ्या गाडीत रीजन करायला लावणारा आदेश काही ॲपांत असतो. तो या भागात वापरू नये. फिल्टरचं अंग त्या वेळी शेकडो अंश तापलेलं असतं, आणि गाडी उभी असते ती केळीच्या वाळलेल्या पानांवर, नाही तर पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी. चालू रीजनमध्येही अशा जागी थांबू नये. हायवेच्या डांबरावर, नाही तर उघड्या मुरमावर थांबावं.

डोंगल रोज गाडीत लावून ठेवायचा नाही असंही ठरलं. चावी बंद असली तरी ओबीडी सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्रवाह चालू असतो. झोप न घेणारा स्वस्त डोंगल ५० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. लग्नसराईत गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीतले १८ गेले. शिवाय स्वस्त डोंगलचा जोडणीचा गुप्त क्रमांक बहुतेक वेळा १२३४ च असतो, म्हणजे शेजारी उभा असलेला कुणीही जोडू शकतो. तपासणीपुरता लावायचा आणि काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवायचा.

ॲप मागेल ती प्रत्येक परवानगी देऊ नये. अँड्रॉइड १२ आणि पुढच्या फोनवर ‘जवळची उपकरणं’ एवढी पुरते. त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधायला लोकेशन लागतं, म्हणून ते मागितलं तर संशय नको. संपर्कयादी मागितली तर मात्र ॲप काढून टाकावं, ओबीडीला तिच्याशी काही देणं-घेणं नाही. ‘कोडिंग’ नावाच्या, ईसीयूत बदल लिहिणाऱ्या भागात या घरातल्या कुणीही हात घालायचा नाही. वाचणं आणि लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वॉरंटीतल्या गाडीत लिहिण्याची जोखीम मालकाची असते.

बांधावर एसीसाठी इंजिन चालू ठेवणं पूर्ण सुटलेलं नाही. ४५ अंशांत ते सुटणारही नाही. पण घड कापायला वेळ लागणार असेल तर आता गाडी बागेच्या सावलीत बंद करून मालक पॅकहाऊसमध्ये बसतात. फिल्टर भरायचा वेग त्यामुळे निम्म्यावर आला. हे ॲपच्याच नोंदीवरून कळलं. रीजन झाल्यावर काजळी ६० टक्क्यांवर पोचायला आधी साडेतीनशे-चारशे किलोमीटर लागत, आता सातशेच्या वर लागतात. ऑइलची डिपस्टिक दर महिन्याच्या एक तारखेला बघायची आणि पातळी त्याच सीएसव्हीच्या शेवटी टिपायची, हे काम मुलाकडे आहे.